घटस्थापनेपर्यंत

"काकू, सरपंच काल गेला," गेटाची कडी काढायच्या आधीच प्रणालीनं सांगून टाकलं. "डॉक्टर येईपर्यंतही थांबला नाही तो."

कुसुमताईंच्या काखेत गोधडीची घडी होती आणि वामनरावांच्या हातात गळ्याचा नवा कोरा पट्टा. घरी घट बसवून, हळदीकुंकवाचे हात न पुसताच दोघं सौंसरहून ऑटो करून आले होते. रामाकोन्याच्या रस्त्यावर संत्र्याच्या एका जुन्या शेडमध्ये प्रणाली लोकांनी टाकून दिलेली, जखमी, म्हातारी कुत्री सांभाळते. सरपंच त्यांतला सगळ्यांत म्हातारा. वय तेरा, एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचा पाय ओढत चालणारा. फार तर दोन-चार महिने काढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते महिने त्यानं घरात, माणसांत काढावेत, एवढीच वामनरावांची इच्छा होती.

त्याला न्यायचं ठरलं होतं ते पंधरवड्यापूर्वीच. कागदावर सह्यासुद्धा झाल्या होत्या. पण आदल्याच दिवशी पितृपक्ष लागला होता, आणि कुसुमताई म्हणजे गॅसची टाकीसुद्धा दिवस पाहून लावणारी बाई. पितृपक्षात घरात नवी चादर येत नाही, तिथं नवा जीव कसा आणायचा? "इतके दिवस राहिला इथं, अजून पंधरा दिवसानं काय होते?" असं त्या म्हणाल्या होत्या. वामनराव वाद घालणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी मान हलवली आणि ऑटोत जाऊन बसले.

"जेवत नव्हता का?" त्यांनी आता विचारलं.

प्रणाली जरा घुटमळली. "जेवे जी, थोडं थोडं. पण आत राहेच ना. तुम्ही गेले अन् तो गेटापाशीच बसला. उचलून आत नेलं तरी पाय ओढत ओढत परत तिथंच. पाऊस आला त आम्ही वरून ताडपत्री बांधून देली. रस्त्यावर ऑटो थांबला का उठून उभा राहे."

"काल किती वाजता गेला?" कुसुमताईंनी विचारलं.

"साडेबारा झाले असतीन."

काल साडेबाराला कुसुमताई गल्लीत उभ्या होत्या. सर्वपित्री अमावस्या होती. कावळ्यानं घास उचलला होता, गाय दारात आपणहून आली होती, कुत्रं तेवढं मिळत नव्हतं. घरोघरी पानं वाढलेली, त्यामुळं गल्लीतली सगळी कुत्री पोटं तट्ट करून सावलीला पसरलेली. कुत्र्याचा घास तसाच राहिला तर पितर उपाशी जातात, म्हणून त्या वडे आणि खीर घेऊन भर उन्हात "यू, यू" करत फिरल्या. एकानं वडा नुसता हुंगला आणि तोंड फिरवलं. कुत्र्यांनाही आता माज आलाय, असं बडबडत त्या घरी परतल्या होत्या.

इथून त्यांचं घर ऑटोनं अर्ध्या तासावर.

कुसुमताईंना स्वतःची शरम वाटली. इतकी शरम त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. नवऱ्यानं काहीतरी बोलावं, प्रणालीसमोर बोलला तरी चालेल, असं त्यांना फार वाटलं. वामनराव पट्ट्याचं बक्कल लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते.

"माह्याच्यानं झालं हे, पोरी."

"म्हातारा होता तो, काकू," प्रणाली म्हणाली. नाही, तुमच्यामुळं नाही, असं मात्र ती म्हणाली नाही.

तिनं शेडमागची जागा दाखवली. माती अजून ओली होती. वामनरावांनी चप्पल काढून हात जोडले. कुसुमताईंनी गोधडी मातीवर अंथरली, मग प्रणाली म्हणाली, "राहू द्या काकू, बाकीच्यांइले कामी येते," तेव्हा उचलून तिच्याकडं दिली.

निघताना जाळीपलीकडून एक कुत्री जवळ आली. तोंड पांढरं झालेलं, दात निम्मे गेलेले. कुसुमताई तिथंच खाली बसल्या. त्यांनी जाळीतून बोटं आत घातली, तर तिनं ती चाटायला सुरुवात केली.

"हिचं नाव काय व?"

"काळी. हेही दहा-अकरा वर्षांची आहे."

"काळे, येतं का माह्या घरी?" कुसुमताईंनी विचारलं. त्यांनी मागं वळून पाहिलं. "अहो, हिले आजच नेऊ. दिवसही चांगला आहे."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. काळीची शेपटी हलायला लागली होती.

प्रणाली त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काकू, आज घरी जा. चार दिवस विचार करा. अन् पुन्हा याल, तं न्यायच्याच दिवशी या. तोवर हिच्यासमोर काही कबूल नका करू. त्यालेही तुम्ही असंच गोंजारून सांगितलं होतं."

कुसुमताईंनी जाळीतून हात हळूच काढून घेतला. काळी शेपटी हलवतच राहिली.