दामारिसचे ठोकळे

“कुणाला सांगायचं नाही. विचारलंच, तर हसायचं,” रंगाच्या मडक्यावर ओणवलेली आई म्हणायची. दामारिसचे केस पिकले, तरी तो आवाज ताजाच होता. सुंबा बेटावर कापड रंगवायची विद्या आई फक्त लेकीला देते. दामारिसच्या मडक्यात काय पडतं, हे गावाला अजून कळलं नव्हतं.

बालवाडीच्या येनीबाईंनी फोन पुढे केला. पडद्यावरच्या रंगांच्या ओळी दामारिसच्या नातवाने, मेहाने, पुन्हा चुकवल्या होत्या.

“आजी, मंद आहे हो पोर. या वर्षी घरीच ठेवा.”

“काचेवर बोटं घासून अक्कल कळते होय? माझे ठोकळे आणते. त्यावर खेळवा, मग बोला.”

“आणा की आजच.”

मेहाने नाक ओढलं. दामारिसने ते पुसलं. “आज नाही. सर्दी झालीय त्याला.”

“निमित्तं पुरे झाली!”

“निमित्त तर निमित्त. त्याचं नाव खोडलंत, तर तुमच्या दारात पान चघळत बसेन. पिचकाऱ्या तुम्हीच धुवा.”

बाईंना हसू आवरेना.

सर्दी गेली तशी दामारिस टोपली घेऊन आली. लाकडी ठोकळे, मडक्यातून निघून नुकते वाळलेले. बाईंनी ओळ मांडली. लाल, हिरवा, हिरवा, लाल. मेहा गुणगुणत पुढे झुकला:

लाल निजला मुळापाशी
हिरवा निजला पानापाशी
वाकून बघ रे सोनुल्या
कोण निजलं कुशीपाशी

“ताठ बस रे,” बाई म्हणाल्या.

“गाण्यात वाकायचंच असतं,” दामारिसने ठणकावलं.

मेहाने ओळ पुढे नेली. मग उलटी. बाईंनी मध्येच निळा घुसवला, पिवळा घुसवला. पोराचा हात अडला नाही.

“हरले बाई. नाव राहील त्याचं.” बाईंनी खांद्यावरची शाल चाचपली. लाल-हिरव्या घोड्यांची, दामारिसनेच रंगवलेली. “असे रंग अख्ख्या बेटावर कुणाला जमत नाहीत. आणि आता हा नातू! आजी, मडक्यात घालता तरी काय?”

दामारिस हसली, आईने शिकवलं होतं तशी. मेहा टक लावून बघत होता. मग तोही तसाच हसला.

तिचं हसू विझलं. तिने मान ताठ केली.

“गुपित मडक्यात नाही, बाई. याला लाल नि हिरवा वेगळा दिसतच नाही. वासाने ओळखतो,” ती म्हणाली. “माझ्यासारखाच.”