पहिला हात सुकेपर्यंत

नवऱ्याच्या ओठांत ज्येष्ठमधाची काडी होती आणि उजवा हात लायटर घेऊन तिच्या टोकाकडे निघाला होता.

ब्रश चिंधीने पुसता पुसता बायकोने वर पाहिलं आणि तिचा हात जागीच थांबला. बंद खोलीत स्पिरिट आणि थिनर इतकं दाटलं होतं की नाकाआधी डोळ्यांनाच कळत होतं. खिडक्या तिनेच लावून घेतल्या होत्या. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण बसला, तरी गिऱ्हाईक सगळं कपाट सोडून नेमका तोच कण शोधून काढतं. थिनरचा डबा झाकण न लावता नवऱ्याच्या पायाशी ठेवलेला होता.

कपाटाच्या दारांवर पॉलिशचा पहिला हात मारला, की चार पावलं मागे सरायचं, मान तिरकी करून चकाकी बघायची आणि एक सिगरेट ओढायची, ही त्याची जुनी रीत. ओढायची मात्र बाहेर, पायरीवर. पाकीट आणि लायटर बाहेरच्याच कोनाड्यात असायचे. एरवी कुणाचं न ऐकणारा माणूस, पण या बाबतीत अगदी गरीब गाय. मग त्याच्या थोरल्या बहिणीने गोळ्याबिळ्या न देता त्याची सिगरेट सोडवायचा चंग बांधला. सकाळी मध घातलेलं कोमट पाणी, तलफ आली की लांब श्वास, आणि तोंडाला चाळा म्हणून ज्येष्ठमध. आणि सुटली की हो! पाकीट कचऱ्यात गेलं. लायटर तेवढा राहिला, कारण खिळ्यांची भोकं बुजवायची लाख वितळवायला तो लागायचाच. आज अंगणात ते काम उरकलं आणि लायटर सवयीच्या कोनाड्यात न जाता खिशात गेला. काडी चघळायला बाहेर जायचं कारणही उरलं नव्हतं. काडी काय, पेटवायची थोडीच असते?

त्याचा अंगठा लायटरच्या चाकावर आला. नजर कपाटाच्या दारावर होती. हात काय करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

वरच्या खोलीत वन्सं आणि लेक जेवायला बसल्या होत्या. ताटल्यांचा आवाज येत होता. ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवरा भारी दचकणारा. मागे एकदा तिने नुसता "चहा!" म्हणून आवाज दिला, तर त्याच्या हातातला ब्रश भिंतीवर जाऊन आदळला होता. आता दचकला तर अंगठा खालीच जाणार. धावत जाऊन मनगट धरावं, तर मधे लाकडी घोड्यांवर ओली दारं आडवी टाकलेली.

तिने आवाजात वैताग आणला. लग्नापासूनचा, रोजचा, घासून गुळगुळीत झालेला.

"अहो, ओढायची तर बाहेर जाऊन ओढा. किती वेळा सांगायचं!"

"जातोय गं बाई," तो म्हणाला आणि पाय आपोआप दाराकडे वळले.

लायटर हातातच होता. अंगठाही चाकावरच. ती दारांच्या मधून अंग चोरत त्याच्या मागे निघाली. बाही ओल्या पॉलिशला घासली, तिला त्याचं काही वाटलं नाही. श्वास घ्यायचीही तिला भीती वाटत होती. उंबऱ्यापाशी पोचला आणि हा बाबा थांबला. वळून पुन्हा कपाटाच्या दारांकडे बघायला लागला.

"काय चकाकतंय बघ."

"बघते. तुम्ही व्हा पुढे."

"उजव्या दाराला जरा कमी बसलंय का?"

"दुसऱ्या हातात भरून निघेल. व्हा ना पुढे."

तो पायरी उतरला. तिने दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. लायटरचा खटका वाजला. पिवळी ज्योत आली.

काडीचं टोक काळं पडलं. त्याने गाल आत ओढून झुरका घेतला आणि कडवट गोड धुराने ठसकला. काडी तोंडातून काढून तो तिच्याकडे बघत राहिला. मग लायटरकडे पाहिलं. मग बंद दाराकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी आत होतो?"

"हो."

"आत पेटवला होता का?"

"पेटवला असता, तर असं विचारत बसला असतात का?"

तो मटकन पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली. तिने लायटर त्याच्या हातातून काढून घेतला, तर बोटं एकेक करून सोडवावी लागली.

वरची खिडकी उघडली. जळक्या वासाने वन्संचं डोकं बाहेर आलं होतं.

"काय रे, तलफ आली का? लांब श्वास घे!"

त्याने बहिणीचं ऐकलं. श्वास घेतला, पण तो तुकड्यातुकड्यांनी आत गेला आणि तसाच बाहेर आला. खिडकी लागली.

"मला वाटलं, सुटली," तो म्हणाला.

ती त्याच्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर पडला होता, मूठ अर्धवट मिटलेली, आत काहीच नाही. आणि अंगठा रिकाम्या मुठीवर खाली जात होता, वर येत होता, पुन्हा खाली जात होता. त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

तिने तो अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला. तिच्या मुठीतही तो दाबतच राहिला.