शिकागो येईपर्यंत

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा वत्सलाबाईंचा शिरस्ता. लेक पुण्याला निघाली की दुपारपर्यंत झाडू हाती यायचा. काल रात्री मात्र तिचं विमान मुंबईहून थेट शिकागोला उडालं होतं.

“सोळा तास कचऱ्यात बसायचं? खुळचटपणा नुसता!” सकाळी त्यांचे यजमान नाना करवादले आणि पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बसले. शिकागो पश्चिमेला, मग मोबाइलवरचं विमान उत्तरेला का चाललंय, याचं त्यांना भारी नवल. दोरा बर्फाळ प्रदेशावरून गेला, तसे ते हरखले. “अगं, हीच जवळची वाट!”

दुपारी वत्सलाबाईंचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा कामवाली झाडू घेऊन दिवाणखान्यात शिरत होती. त्या ओरडणार, तोच नाना कडाडले,

“ठेव आधी तो झाडू! पोर अजून ग्रीनलंडवर आहे.”