फोटोत नसलेला पेटीवाला

श्रोतेहो, जरा जवळ सरका, गोष्ट सांगते.

कीर्तन महोत्सवाच्या फलकासाठी गोदूताईंचा फोटो काढायचा होता. स्टुडिओत शिरताना त्यांनी पेटी वाजवणाऱ्या यजमानांना विचारलं, "अहो, हसू की गंभीर राहू? कीर्तनात माझा चेहरा असतो तरी कसा?"

"मला काय ठाऊक? मी बसतो तुझ्या मागे. जन्मभर पाठच बघितली!"

ताई आणखीच गोंधळल्या. कॅमेऱ्यासमोर त्यांनी नमनाला मिटावेत तसे डोळे मिटले, ते उघडेचनात.

"ताई, डोळे!" फोटोग्राफर वैतागला.

तेव्हा यजमानांनी त्याच्यामागे उभं राहून पेटीचा सूर गुणगुणला. ताईंनी डोळे उघडले. समोर चक्क हे! ताई खुदकन हसल्या.

फलकावरचं ते हसू बघाल, तेव्हा फोटोत नसलेल्या पेटीवाल्याला आठवा, बरं का.