मैनाचा पहारा
या मायबापहो, जवळ सरकून बसा, मैनाची गोष्ट सांगते. ती सातपूरच्या दवाखान्यात आया. केरात एड्सच्या रुग्णाची सुई तिला टोचली. लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पुढच्या तपासण्यांसाठी गंगापूर रोडवरच्या एड्सच्या तज्ज्ञांकडे धाडलं. त्या दारात गावानं तिला पाहिलं आणि तिला एड्सच झाला असं धरलं. हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा, म्हणजे वीणा गळ्यात घालून उभं राहायची पाळी, घ्यायला ती आली, तर चुलतसासू आडवी. “मैने, त्या डॉक्टरच्या चकरा थांबव, मगच वीणेला हात लाव.” “चकराबी सोडणार नाय अन् वीणाबी नाय. सुई टोचली मला, चोरी नाय केली.” मैना हात पसरून उभीच राहिली. वीणा भुईवर टेकवायची नसते, दुसरं कुणी पुढं येईना. आधीचा पहारा संपवून वीणा धरून उभ्या असलेल्या भागुबाईनं ती मैनाच्या गळ्यात घातली. “तपासणीला जाशील तवा तुझा पहारा मी धरीन.” वीणा हाती घ्याल, तेव्हा भागुबाईला आठवा.