गौसभाईंची एफ कॉर्ड

रिटायर झाल्यापासून गौसभाई रोज पहाटे गिटार घेऊन खिडकीत बसत. पण एफ कॉर्ड धरली की एक तार मुकी राही, दुसरी खडखडे. "हो गई शुरू तुमारी कटकट," म्हणत खैरुनबी कूस बदलत. एकदा तरी कुणीतरी 'वा' म्हणावं, एवढीच गौसभाईंची इच्छा उरली होती.

आज बोटं ठणकत असतानाच कॉर्ड अचानक स्वच्छ वाजली. पुन्हा वाजवली, पुन्हा तशीच. खैरुनबी घोरतच राहिल्या. पण शेजारच्या गोठ्यातून आकाराम हातात रिकामी चरवी घेऊन पळत आला. गौसभाईंचा ऊर भरून आला.



"भाई, म्हस पान्हा सोडंना झालीया. रोजच्यागत चुकीचं वाजवा की!"