पाच दिवसांची ट्यूब

ट्यूब काउंटरवर होती आणि तिच्यावर स्नेहलचा तळहात.

"काढ की हात," बयाबाई म्हणाल्या. "चिठ्ठी दिलीया न्हवं?"

चिठ्ठी घड्यांवर फाटली होती. तिच्यावर तारीख होती डिसेंबर १९९८ची आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं, पाच दिवस. आता फेब्रुवारी संपत आला होता. त्याच चिठ्ठीवर चौथी ट्यूब न्यायला बयाबाई उचगावहून आल्या होत्या. स्नेहल बी.फार्म. होऊन या औषधांच्या दुकानात लागली, त्याला तीनच आठवडे झाले होते.

"तोंडातली जखम भरली का, मावशी?"

"भरली असती तर आले असते व्हय? त्यात तुमचा मलम भेसळीचा. तोंडात वाळूगत लागतोय."

हे स्नेहलला नवीन होतं. "लावता कसा? दाखवा बरं."

बयाबाईंनी तर्जनी गालात घातली आणि हिरडीवरून खसाखसा फिरवली. मिश्री लावतात तशी. तीस वर्षांची सवय त्या बोटात होती.

"म्हणून वाळू लागते. हा घासला की त्याचे कण होतात. चूळ भरून, ज्वारीच्या दाण्याएवढा नुसता टेकवायचा असतो. पण आता तोही नको. यात स्टेरॉइड आहे. ते सूज दाबतं, दुखणं दाबतं, आणि खाली काय चाललंय ते कळत नाही. तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवायचीच. तुम्हाला दोन महिने झाले."

तिनं चिठ्ठीच्या मागं दाताच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिला. बयाबाईंनी तो वाचलाही नाही.

"त्यो काय तरी वंगाळ सांगंल. त्यापरास ट्यूब बरी."

मालक हंबीरराव गल्ल्यावर बसून बशीतला चहा गार करत होते. चहा ते गारच प्यायचे, आणि एकाच गालानं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"स्नेहल, जुनं गिऱ्हाईक हाय. दे ट्यूब."

"नाही देणार."

"दुकान कुणाचं हाय?"

"तुमचं. पण भिंतीवरचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट माझं आहे. काढून घेऊन जाऊ?"

हंबीरराव उठले. सर्टिफिकेटकडे त्यांनी पाहिलंच नाही. कपाटातून दुसरी ट्यूब काढली आणि बयाबाईंसमोर आपटली.

"एवढं भ्यायचं काय त्यात? मी सोता हीच लावतोय. दिवाळीपासनं, रोज. काय झालं मला?"

बशीतल्या चहावर साय धरली होती.

बयाबाईंनी हंबीररावांच्या गालाकडे बराच वेळ बघितलं. मग ट्यूब एका बोटानं त्यांच्याकडे परत सरकवली, पत्त्याची चिठ्ठी उचलली आणि पदर खोचला.

"चला मालक. रिक्षात दोघांस्नी जागा हाय."